दहा बाय बाराच्या खोलीत कोणती लेन्स?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात शॉर्टफिल्म करणारी बरीच मंडळी एकांकिकांच्या तालमींतून आलेली असतात. नट तयार, संहिता तयार, दोन रविवार शूटसाठी मोकळे ठेवलेले. अडतं ते कॅमेऱ्यापाशी. तोही कुठून तरी मिळतो. मामेभावाचा कॅनन २०० डी असतो, नाहीतर लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मित्राचा एम ५०. त्याबरोबर आलेली किट लेन्स, बहुधा १८-५५, मात्र सगळ्यांना कमीपणाची वाटते. मग कोणी जाणकार सांगतो, ‘पन्नास एमएम घे. दहा हजारांत सिनेमा लुक.’

कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही लेन्स २०१५ मध्ये आली. किमतीच्या मानाने ती उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ती पहिली लेन्स म्हणून घ्यावी का, याबद्दल. माझं मत, घेऊ नये. निदान जांभूळ गावातल्या जुन्या घराच्या पडवीत, उल्हासनगरच्या बॅरेकमध्ये किंवा बदलापूरच्या वन बीएचकेत शूट करणाऱ्याने तरी घेऊ नये. स्वस्त लेन्स निवडताना सगळे आधी एफ नंबर बघतात, मग किंमत. आधी बघायला हवी ती खोली.

त्यासाठी एक सोपं गणित आहे. चौकटीत मावणारी रुंदी म्हणजे नटापर्यंतचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले लेन्सची फोकल लेन्थ. आपल्याकडे हाताशी येणारे बहुतेक कॅमेरे क्रॉप सेन्सरचे असतात. त्यांच्या सेन्सरची रुंदी कॅननमध्ये साधारण २२.३ मिमी, सोनी-निकॉनमध्ये २३.५ मिमी. त्यामुळे २४ मिमीची लेन्स लावली की हिशेब तोंडपाठ होतो. नट जितक्या फुटांवर, जवळजवळ तितके फूट रुंद चौकट. ५० लावली की त्याच्या निम्मी, १२ लावली की दुप्पट.

आता दहा बाय बाराची खोली घ्या. लांबी बारा फूट खरी, पण ट्रायपॉड आणि त्यामागे उभा असलेला माणूस तीन फूट खातो. नटाला समोरच्या भिंतीला चिकटवून उभं केलं तर भिंतीवर त्याची काळी सावली पडते, म्हणून त्याला दोन फूट पुढे घ्यावं लागतं. उरलं सात फूट. या सात फुटांवर ५० मिमीत कॅननवर मिळते तीन फूट रुंद आणि जेमतेम पावणेदोन फूट उंच चौकट. म्हणजे एकाच माणसाचं डोकं आणि खांदे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आणि मुलगा जमिनीवर ताटावर बसलेला, असा साधा शॉटही यात बसत नाही. ३५ मिमीत साडेचार फूट रुंदी मिळते. २४ मध्ये साडेसहा फुटांच्या आसपास, उंची साडेतीन फूट. ताटावर बसलेली दोन माणसं त्यात आरामात मावतात. १८ मध्ये साडेआठ फूट, म्हणजे उभा माणूस गुडघ्यापासून वर दिसतो आणि खोलीही कळते.

म्हणून हातात ५० असलेली टीम काय करते, तर सगळी फिल्म क्लोजअपमध्ये करते. कथा एका घराची असते आणि घर दिसतच नाही. त्याला मग ‘इंटिमेट ट्रीटमेंट’ म्हणतात.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी जवळजवळ सगळं काम ५० मिमीवर केलं, हे उदाहरण या वादात हटकून येतं. खरंच केलं. पण ओझू यांची घरं शोचिकूच्या स्टुडिओत उभी असत. सेटची भिंत सरकवून कॅमेरा मागे नेता येतो. आपल्या घरमालकाची भिंत सरकत नाही.

एम ५० वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा कॅमेरा फोर-के वर टाकला की सेन्सरचा मधलाच भाग वापरतो. २०० डीच्या दुसऱ्या आवृत्तीचंही तेच. चौकट आणखी जवळपास दीडपटीने आवळते आणि २४ मिमी लेन्स ३८ सारखी वागायला लागते. शिवाय एम ५० मध्ये फोर-के वर चांगला ऑटोफोकसही बंद होतो. खोलीत शूट असेल तर तो कॅमेरा सरळ फुल एचडीवर ठेवावा. ‘फोर-के’ हा शब्द शीर्षकात टाकायला बरा दिसतो, पण बारा फुटांच्या खोलीत तो खोलीच खातो.

मग पहिली लेन्स कोणती? कॅननच्या डीएसएलआरवर २४ मिमी एफ/२.८ एसटीएम. २०१४ ची, बिस्किटाएवढी चपटी, सव्वाशे ग्रॅमची. एम ५० वर २२ मिमी एफ/२. कॅननने ती एम मालिका गुंडाळली असल्याने या लेन्सेस आता सेकंडहँड बाजारात बऱ्या भावात मिळतात. सोनीवर सिग्माची १६ मिमी एफ/१.४ किंवा ३० मिमी एफ/१.४. ३० खोलीत थोडी कमी पडते, १६ मध्ये चेहरा जवळ आला की नाक मोठं दिसतं. दोन्हींतली एकच परवडणार असेल तर मी १६ घेईन आणि नटाला दोन फूट मागे उभा करीन. निकॉनवर ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स ही २००९ पासूनची भरवशाची लेन्स आहे, पण खोलीचं काम तिच्याने पुरतं भागत नाही. ते निकॉनवाल्यांना किट लेन्सच्या १८ वरच करावं लागतं.

आता एफ/१.८ चं आकर्षण. दोन गोष्टींसाठी मोठं ॲपर्चर हवं असतं. कमी उजेडात शूट आणि मागचं धूसर करणं. पहिलं खरं आहे. दुसऱ्यात फसगत आहे. ५० मिमी, एफ/१.८, नट पाच फुटांवर. यात फोकसमध्ये राहणारी जाडी फक्त सहा-साडेसहा सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त भरतं. डोळे शार्प असतील तर कान उडालेला. फोटोत हे सुंदर दिसतं, कारण फोटोत माणूस हलत नाही. एकांकिकेतून आलेला नट बोलताना पुढे झुकतो, मान वळवतो, वाक्याच्या शेवटी अर्धं पाऊल मागे घेतो. त्याला तेच शिकवलेलं असतं आणि ते चूकही नाही. पण टीममध्ये फोकस पुलर नाही, मॉनिटर नाही, कॅमेऱ्याचा स्क्रीन तीन इंची. मग एडिटिंगला बसल्यावर कळतं की सगळ्यात चांगल्या टेकमध्ये फोकस मागच्या कॅलेंडरवर आहे.

तीच लेन्स एफ/४ वर आणली की जाडी चौदा सेंटिमीटर होते. चेहरा पूर्ण बसतो. म्हणजे एफ/१.८ चे पैसे देऊन वापरायचं एफ/४. त्यापेक्षा २४ मिमी एफ/२.८ वर सात फुटांवर जवळपास तीन फुटांची जाडी मिळते. नट त्यात हिंडू शकतो.

किट लेन्सची बाजू कोणी घेत नाही, म्हणून घेतो. तिच्यावरचा मुख्य आरोप असतो शार्पनेसचा. लेन्सच्या परीक्षणांत जे चाचण्यांचे आलेख असतात ते २४ किंवा ४५ मेगापिक्सेलच्या फोटोंवर काढलेले. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम दोन मेगापिक्सेलची असते, फोर-के ची आठ. एफ/५.६ वर १८-५५ आणि तिच्या पाचपट किमतीची लेन्स यांतला फरक फुल एचडीत प्रेक्षकाला दिसत नाही. तिचा खरा दोष वेगळा. १८ वर ती एफ/३.५ किंवा एफ/४ उघडते, ५५ वर एफ/५.६. शॉट चालू असताना झूम केलं तर चित्र काळवंडतं आणि फोकसही सरकतो. उपाय सोपा. मॅन्युअलवर एफ/५.६ लॉक करायचं आणि शॉटमध्ये झूम करायचंच नाही. कॅननच्या किट लेन्सला स्टॅबिलायझेशन असतं, स्वस्त पन्नासला नसतं. हातात धरून केलेल्या शॉटमध्ये हा फरक शार्पनेसपेक्षा दहा वेळा जास्त दिसतो.

साध्या कॅमेऱ्याने काय होऊ शकतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११). अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत, मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांमधून तो आख्खा सिनेमा कॅनन ७ डीवर चित्रित झाला. छायालेखन अमोल गोळे यांचं. ७ डीचा सेन्सर आपल्या मामेभावाच्या २०० डीएवढ्याच आकाराचा आहे. फरक असा की शाळेचा वर्ग आपल्या हॉलच्या कितीतरी मोठा असतो आणि त्याला एका बाजूने भरपूर खिडक्या असतात. लेन्सला जागा मिळते, उजेडही मिळतो. ज्यांना खोलीच्या कथेची सक्ती नाही त्यांनी शूटसाठी शाळा, गोदाम, मंगल कार्यालय शोधावं. रिकाम्या दिवशी ते फुकटातही मिळतं आणि लेन्सचे निम्मे प्रश्न संपतात.

तसं तुटपुंज्या साधनांवर काम करणं मराठी माणसाला नवीन नाही. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा भांडवलदाराला पटवायला त्यांनी आधी रोपाच्या वाढीची छोटी फिल्म केली. कुंडीतला अंकुर, रोज थोड्या थोड्या फ्रेम. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) त्यानंतरचा. एका जागी ठेवलेला कॅमेरा, एक लेन्स आणि न हलणारा नट, अशी ती अंकुराची शॉर्टफिल्म होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) चित्रित केला.

खोलीतून बाहेर आलं की प्रश्न उलटा होतो. आत उजेड पुरत नाही, बाहेर तो आवरत नाही. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून ट्यूबलाइट लुकलुकू नये यासाठी २५ फ्रेम आणि १/५० शटर हे गणित पक्कं ठेवावं लागतं. तेच शटर बाहेरही ठेवायचं, नाहीतर हालचाल तुटक दिसते. आता एप्रिलमधली दुपार, आयएसओ १००, शटर १/५०. जुन्या फोटोग्राफरांच्या ‘सनी सिक्स्टीन’ नियमाने ॲपर्चर येतं एफ/२२. ते एफ/२.८ वर आणायचं तर सहा स्टॉप उजेड अडवायला हवा. म्हणजे ६४ पटीचा एनडी फिल्टर. लॉग प्रोफाइलमध्ये शूट करणाऱ्यांचा आयएसओ ८०० च्या खाली उतरत नसेल, तर नऊ स्टॉप. एनडी नसला की लोक शटर १/१००० वर नेतात आणि मग बदलापूर स्टेशनबाहेरची गर्दी यंत्रमानवांच्या मोर्च्यासारखी चालते.

म्हणून मी दुसऱ्या लेन्सच्या आधी एनडी सांगतो. फिल्टर ७७ किंवा ८२ मिमीचा एकच घ्यायचा आणि बाकी लेन्सेसना शे-दोनशे रुपयांच्या स्टेप-अप रिंगा. अगदी स्वस्तातल्या व्हेरिएबल एनडीमध्ये जास्त फिरवलं की चित्रावर काळी फुली उमटते आणि माणसांची कातडी हिरवट होते. तिथे दोन पैसे जास्त घालावेत.

अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी शूट करायचा मोह इथल्या प्रत्येक टीमला होतो. १०६० चं शिलाहारकालीन देऊळ, काळा कोरीव पाषाण, कोण सोडेल? पण ते पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि ट्रायपॉड लावून चित्रीकरणाला रीतसर परवानगी लागते. रेल्वे स्थानकाचंही तसंच. आणि भर दुपारी काळ्या दगडाचं एक्स्पोजर धरलं की आकाश पांढरंफटक पडतं. त्यावर कोणत्याही किमतीची लेन्स उपाय नाही. सकाळी सातला जावं.

सिग्माची १८-३५ एफ/१.८ (२०१३) ही क्रॉप सेन्सरवाल्यांची लाडकी लेन्स. संपूर्ण झूमभर एफ/१.८ ठेवणारी आपल्या जातीची पहिली. १८ ते ३५ ही रेंज बरोब्बर आपल्या खोलीची. जड आहे, स्टॅबिलायझेशन नाही, ऑटोफोकस व्हिडिओत आवाज करतो. नवी घ्यायला पन्नास-साठ हजारांच्या घरात जाते. शॉर्टफिल्मवाल्याने ती विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावी. लग्नाचा हंगाम नसताना कल्याण-उल्हासनगरचे फोटोग्राफर ओळखीवर दिवसाला पाचशे-हजारात देतात. दोन रविवारांचे दोन हजार. उरलेल्या पैशांत कॉलर माईक आणि एक एलईडी पॅनेल येतं. आवाज वाईट असलेली शॉर्टफिल्म प्रेक्षक मिनिटभरात बंद करतो, बोके म्हणजे मागचे धूसर ठिपके कितीही गोल असले तरी.

भाड्याने घेताना सगळी फिल्म एकाच कंपनीच्या लेन्सेसवर होईल असं बघा. कॅनन थोडी गुलाबीकडे झुकते, काही जुन्या लेन्सेस पिवळ्याकडे. एकाच संवादात नट एका लेन्सवर आणि नटी दुसऱ्या लेन्सवर घेतली की एडिटिंगला रंग जुळवण्यात रात्री जातात.

आता चिनी मॅन्युअल लेन्सेस. सेव्हन आर्टिझन्स, टीटी आर्टिझन, माइके. दहा हजारांच्या आसपास धातूची नळी, खरी फोकस रिंग आणि एफ/१.४, एफ/१.२ असे आकडे. त्यांतला कामाचा भाग आकडे नव्हे, रिंग आहे. आजच्या एसटीएम लेन्सची रिंग फिरवली तर ती मोटरला इलेक्ट्रॉनिक निरोप देते. हळू फिरवली तर कमी सरकते, जोरात फिरवली तर जास्त. त्यामुळे ‘इथून इथपर्यंत’ अशी पेन्सिलीची खूण करून फोकस ओढता येत नाही. मॅन्युअल लेन्सवर खूण केली की ती तिथेच राहते. माइके आणि कोरियाच्या सॅमयांगच्या सिने लेन्सेस त्याच्या पुढची पायरी. फोकसला दातेरी रिंग, ॲपर्चर बिनआवाज फिरणारं, आणि एफ ऐवजी टी नंबर. एफ हे भोकाचं माप, टी म्हणजे काचांमधून प्रत्यक्ष पलीकडे पोचणारा उजेड. दोन लेन्सेस टी २.२ वर ठेवल्या की एक्स्पोजर तेच राहतं. संच करायला लाखाच्या घरात जातो. फोकस ओढणारा माणूस टीममध्ये नसेल तर तो खर्च शोभेचा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. शॉन बेकर यांनी ‘टँजरिन’ (२०१५) आयफोन ५ एसवर केला, हे खरं. त्यांनी त्यावर ॲनामॉर्फिक ॲडॅप्टर लावला होता, हेही खरं. पण चिमट्याने लावायच्या दोनशे रुपयांच्या लेन्सेसचा त्याच्याशी संबंध नाही. त्या कडांना चित्र वितळवतात.

सगळ्यात रोचक बाजार जुन्या लेन्सेसचा. महाराष्ट्रातल्या जुन्या फोटो स्टुडिओंमध्ये निकॉन एफएम १०, पेंटॅक्स के १००० आणि सोव्हिएत झेनिट निवृत्त होऊन पडलेले असतात. झेनिटवरची हेलिओस ४४, ५८ मिमी एफ/२, ही जर्मन झाइस बायोटारच्या आराखड्यावरची. मागच्या पानांतला उजेड ती गरगर फिरवते, म्हणून आज तिला मागणी आहे. पण ५८ क्रॉपवर आणखी लांब. खोलीत नाही, वाडीत वापरा.

जुनी लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर बसेल हे ठरतं माउंटपासून सेन्सरपर्यंतच्या अंतरावर. निकॉनचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४. म्हणून निकॉनची जुनी लेन्स अडीच मिलिमीटरच्या साध्या कडीने कॅननवर चढते. पेंटॅक्सचं आणि झेनिटच्या स्क्रू माउंटचं साडेपंचेचाळीस, तेही चढतं. कॅननचंच जुनं एफडी मात्र ४२, ते कॅननच्या डीएसएलआरवर मधे काच घातल्याशिवाय चालत नाही. सोनी ई माउंटचं १८, त्यामुळे त्यावर जवळजवळ सगळं चालतं. जुन्या काचेला कमी लेखायचं कारण नाही. ‘द क्रिएटर’ (२०२३) हा हॉलिवुडचा मोठा सिनेमा सोनी एफएक्स ३ वर झाला आणि त्यातला बराचसा भाग कोवाच्या एका जुन्या ७५ मिमी ॲनामॉर्फिक लेन्सवर.

आपल्याकडे जुन्या लेन्सचा खरा शत्रू पाऊस. ज्या पट्ट्यात २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकून पडली, तिथे चार महिने कपाटातले कपडे दमट राहतात. लेन्सचं वेगळं काय होणार? काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि जास्त दिवस राहिली तर काचेवरचा थर खाते. वरून बघून ती दिसत नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात, किंवा कोणाच्या घरी, लेन्स घ्यायला जाताना आपला कॅमेरा, ॲडॅप्टर आणि मोबाइलचा टॉर्च बरोबर न्या. ॲपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतात. जाळं, दुधी धुकं किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर भाव कितीही उतरला तरी उठा. काही जुन्या टाकुमार लेन्सेसच्या काचेत थोरियम असतं. त्या पिवळसर पडतात, पण ती बुरशी नव्हे. अतिनील उजेडात काही दिवस ठेवल्या की पिवळेपणा उतरतो.

घरी आणल्यावर प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि तीन-चारशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के ठेवायची. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करायचं. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याची पूड फोकस रिंगमध्ये जाते. एसीच्या गाडीतून उतरून लगेच जांभूळच्या शेतात कॅमेरा उघडला की काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून वीस मिनिटं थांबायचं, तोवर नटांचा चहा होतो. आणि बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांबरोबर एका डब्यात कधीच ठेवू नका. दुरुस्तीचा खर्च ऐकून घ्या आणि तो त्याच लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला, तर लेन्स दुरुस्त करणाऱ्यालाच सुट्या भागांसाठी देऊन टाका.